वैशालीने न पाहिलेले गोल

आयुष्यभर फॉरवर्ड खेळून काय कमावलं असं मला कोणी विचारलं, तर गोल फार निघणार नाहीत. किस्से मात्र पोत्याने निघतील! गोल मारायला मेहनत लागते राव. किस्सा आपोआप होतो. आपण फक्त रविवारी सकाळी बूट घालून घराबाहेर पडायचं, बाकीचं होत जातं. मग मॅचनंतर चहाच्या गाडीवर कोणीतरी सुरू करतं, "अरे, तो लासलगावचा सांग ना!" की झालं. त्याला दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा. घरी पोचेपर्यंत दुपार होते आणि बायको विचारते, "मॅच होती की लग्न होतं?"

मी रवी गांगुर्डे. नाशिकमध्ये एका दुकानात टाइल्स आणि नळ विकतो, आणि मागच्या वर्षापर्यंत रविवारी फुटबॉल खेळायचो. मोठ्या क्लबने कधी बोलावलं नाही. जिल्ह्याच्या खालच्या डिव्हिजनमध्ये आणि गावोगावच्या टुर्नामेंटमध्ये ज्यांना अकरावा माणूस कमी पडेल, त्यांच्याकडून मी खेळलो. गेस्ट प्लेयर! त्यामुळे सगळीकडे माझं नाव पडलं "पाहुणे". आता मैदानावर कोणी रवी म्हणून हाक मारली, तर मी वळूनसुद्धा बघत नाही.

तर मजा सगळी केली. पण एक गोष्ट मनाला लागून होती. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, माझा एकही गोल पाहिला नव्हता. हसू नका! ती मॅचला यायची, चांगली नेमाने यायची. मी गोलही मारायचो, अगदीच काही कोरडा नव्हतो. पण तिने पाहिलेला गोल? एकही नाही. ते कसं, ते सांगतोच.

* * *

आधी लग्नाच्या अगोदरचा किस्सा. मला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे एका रविवारसाठी मी दोन टीमना हो म्हणून बसलो. तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या दोघींची मॅच एकमेकींशीच होती!

सकाळी दारात एक ओम्नी येऊन उभी राहिली. तिच्यातून अन्वर उतरला. अन्वर आमचा गोलकीपर, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो चप्पल काढतोय तोवर मागे छोटा हत्ती येऊन थांबला. त्यातून दुसऱ्या टीमचा कॅप्टन उतरला. दोघेही म्हणाले, "चला पाहुणे!"

आईला यातलं काही कळलं नाही. तिने दोन्ही टीमना पोहे केले. भांडायला आलेली माणसं एकमेकांना लिंबू पुढे करत होती.

भांडण मैदानावर झेंडे सरांपुढे गेलं. झेंडे सर म्हणजे आमच्या भागातले कायमचे रेफ्री. शाळेतून पीटीचे मास्तर म्हणून रिटायर झाले, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. टुर्नामेंट गल्लीतली, नियम आयोजकांच्या सोयीचे. दोन्ही कॅप्टननी आपसात ठरवलं की पहिला हाफ मी यांच्याकडून खेळायचं, दुसरा त्यांच्याकडून. सर मला एवढंच म्हणाले, "शर्ट बदललास की डोकंही बदल."

पहिल्या हाफमध्ये मी अन्वरच्या टीमकडून खेळलो. मोकळा गोल समोर होता, बॉल वरून मारला. दुसऱ्या हाफमध्ये अन्वरच्याच समोर आलो. एकटा तो आणि एकटा मी! बॉल सरळ त्याच्या पोटात दिला. मॅच झिरो-झिरो.

दोन्ही कॅप्टन डोक्याला हात लावून बसले होते. अन्वर मात्र माझ्या गळ्यात पडला.

"न्याय केलास भावा! दोघांनाही सारखंच बुडवलंस!"

* * *

लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या पोरांची एक टीम होती. मालक होते भिकूशेठ. सगळी हयात मार्केट यार्डात गेलेली, फुटबॉल त्यांनी टीम काढल्यावर पहिल्यांदा पाहिला. मला अन्वरने तिकडे नेलं. लिलाव बंद असल्याने यार्ड मोकळं होतं, प्रॅक्टिस तिथेच.

शेठनी मला उन्हात उभं केलं. एक गोल चक्कर मारली. मग खाली बसून अंगठ्याने माझी पोटरी दाबली. दोन्ही पायांच्या दाबल्या!

"माल कडक हाय," शेठ म्हणाले.

मी खूश.

"पण कोंब फुटायला आलाय. साठवायचा नाय हा. लगेच वापरा."

माझं वय तेव्हा काही फार नव्हतं हो! पण शेठचा शब्द, मला लगेच वापरायला घेतलं. आता यार्डात ट्रॅक्टर रिकामे झाले की खाली राहतात कांद्याची सालं. वाळलेली, हलकी, वाऱ्याने कोपऱ्यात जमलेली. आणि गोल मांडला होता नेमका त्या कोपऱ्यात. मी डावीकडून असा सुसाट आलो, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि पाय पडला सालांवर. बॉल जागीच थांबला. मी थांबलो नाही. बसलेल्या अवस्थेत घसरत घसरत मी थेट गोलच्या आत!

सगळं यार्ड हसत होतं. भिकूशेठ तेवढे गंभीर होते. त्यांनी बाजूच्या माणसाला हळहळून सांगितलं, "गाडी आत आली, माल रस्त्यात सांडला."

* * *

आता वैशालीकडे येतो. वैशालीचं माहेर मखमलाबादचं, भाजी आणि फुलांची शेती. बाई धीट आहे. मळ्यात साप निघाला तर कुणाला हाक मारत नाही, आधी काठी शोधते. लग्नानंतर पहिल्याच मॅचला मी तिला मोठ्या तोऱ्यात घेऊन गेलो. म्हटलं बघू दे, नवरा काय चीज आहे!

आणि बघा, त्या दिवशी लागलीच गोल झाला. डाव्या पायाने, पोस्टला घासून आत! मी पळत तिच्याकडे गेलो. बघतो तर वैशाली तोंडावर पदर घेऊन बसलेली.

"अगं, गोल झाला!"

तिने पदर खाली केला. "झाला का? बरं झालं. लागलं नाही ना कुठे?"

"तू पाहिला नाहीस?"

"मला नाही बघवत. तुम्ही पळत सुटता, समोरून तो एवढा मोठा राक्षस धावत येतो. मी आपले डोळे मिटून घेतले."

राक्षस म्हणजे समोरचा डिफेंडर. एलआयसीचा एजंट होता बिचारा!

मला वाटलं, सवय होईल. कसली सवय! बॉल दुसऱ्या कोणाकडे असला की ही टक लावून बघणार. ऑफसाईड कळायची तिला, कोण दमलंय तेही कळायचं. पण बॉल माझ्या पायात आला की तोंड झाकलंच. साडी असली तर पदर, ड्रेस असला तर ओढणी. एकदा हातात पेरूंची पिशवी होती, तर तीच तोंडासमोर धरली. गोल झाला की पेरू खाली आणि विचारणार, "झाला?"

मी चिडायचो, रुसायचो. एकदा जेवलो नाही. ती म्हणाली, "मी मुद्दाम करते का? हात आपोआप जातो." मला खरंच वाईट वाटायचं. टाइल्सच्या दुकानात मी कुणी नव्हतो, घरात कुणी नव्हतो. वर्षातून दोन-चार वेळा, पाच सेकंदांपुरता, मी कुणीतरी असायचो. आणि नेमके तेवढेच पाच सेकंद माझ्या बायकोला माहीत नव्हते.

* * *

सटाण्याकडे एक प्रेक्षक होता. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. टोपीवाला, हातात शेंगांची पुडी, कायम लाइनला चिकटून उभा. मला बॉल मिळाला की हा ओरडणार, "ओ भाऊ! गोल तथा शे, तथा!" म्हणजे गोल तिकडे आहे, तिकडे! माझा एक पास चुकला की, "तथा शे!" मी बुटाची लेस बांधायला वाकलो तरी, "तथा शे!" हळूहळू सगळं पब्लिक त्याच्या सुरात ओरडायला लागलं.

माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. मधूनच बॉल घेतला आणि तिघांना कापत जाऊन असा हाणला की जाळी हलली! माझ्या जिंदगीतला सगळ्यात देखणा गोल. मी तसाच वळलो आणि छाती काढून लाइनकडे धावलो, त्या टोपीवाल्याला दाखवायला.

टोपीवाला जाग्यावर नव्हता. शेजारचा माणूस म्हणाला, "ते चहा प्यायला गेले."

तो परत आला तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं, पाहुण्यांनी गोल मारला. त्याने माझ्याकडे बघितलं, शेंग फोडली आणि मान हलवली. "काहीतरी सांगतस!"

माझा गोल न बघणारी माझी बायको एकटीच नव्हती, एवढं समाधान मिळालं.

* * *

सुरगाण्याच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर टुर्नामेंट होती. भात कापून झालेलं, मोकळी खाचरं, तेच मैदान. खाचरांमधले बांध सपाट केले होते, पण मधोमध एक बांध तसाच. मी विचारलं, हा का ठेवला? तर तो दोन भावांच्या वाटणीचा. त्याला हात कोण लावणार?

तिथली पोरं पळता पळता त्या बांधावरून अशी उडी मारायची की जणू बांध नाहीच. आणि मी? प्रत्येक वेळी अडखळून खाली! गोलकीपरने तिथून ओरडून सांगितलं, "दादा, बांध बघ, बांध!" समोरच्या टीमचा गोलकीपर हो! इतकी कीव आली होती त्याला.

शेवटी वैतागून मी लांबूनच एक फटका मारला. बॉल लागला बांधाला, तिथून उडाला, आणि त्याच कनवाळू गोलकीपरच्या डोक्यावरून आत. एकच गोल, मॅच आमची!

बक्षीस होतं गोल मारणाऱ्याला एक कोंबडा. पण वाद सुरू झाला, गोल पाहुण्याचा की बांधाचा? पाड्यावरची म्हातारी माणसं बसली, बराच वेळ विचार केला, आणि निकाल दिला. पाय पाहुण्याचा आणि बांध गावाचा, म्हणून दोघांचाही मान करायचा. मला कोंबडा दिला आणि बांधावर नारळ फोडला!

कोंबडा मांडीवर घेऊन मी एसटीने घरी आलो. वैशालीला म्हटलं, "हा बघ, गोलचा पुरावा."

तिने कोंबड्याला उलटसुलट करून पाहिलं. "हा तरी होता ना तिथे? यालाच विचारते."

* * *

अन्वरला माझं दुःख कळायचं. एकदा मनमाडच्या मॅचला त्याने जाहीर केलं, "आज मोबाईलवर शूटिंग करायचं. वहिनी घरी बसून आरामात बघतील. घरी कसली आलीये भीती!" अन्वरच्या बोटाला लागलेलं, तो खेळणार नव्हता. शूटिंग तोच करणार होता.

आणि मी गोल मारला! हेडर, एकदम मस्त. रात्रीची वाट बघवेना. घरी गेल्या गेल्या वैशालीला समोर बसवलं. ती म्हणाली, "डोळे नाही झाकणार, शप्पथ." व्हिडिओ लावला. माझी पाठ दिसली. मी धावतोय. क्रॉस आला, मी उडी मारली. तेवढ्यात स्क्रीनवर आकाश दिसलं. मग एक झाड. मग कुणाची तरी चप्पल. आणि सगळा वेळ अन्वरचा आवाज, "गोल! गोल! अरे गोल!"

मी फोन केला. "अन्वर, गोल कुठे आहे?"

"भाई, गोल झाला तेव्हा मी नाचू का शूटिंग करू?"

वैशालीने तो व्हिडिओ अजून जपून ठेवलाय. म्हणते, चप्पल छान आहे.

* * *

चांदवडचा किस्सा झाला नसता, तर शेवटचा झालाच नसता. म्हणून हा नीट ऐका.

आपल्याकडे टुर्नामेंट म्हटली की सत्कार आलेच. फुटबॉल मधल्या वेळात. चांदवडला फायनल चालू होती, लाइनला मांडव, मांडवात खुर्च्या, लाउडस्पीकर. मी बॉल घेऊन एकटा सुटलो. मागे सगळे डिफेंडर, समोर फक्त गोलकीपर. वैशाली आलेली होती, अर्थातच ओढणीच्या आत. आणि लाउडस्पीकर कडाडला:

"खेळाडूंना नम्र विनंती, आहे त्या ठिकाणी थांबावे! मान्यवरांचे आगमन झालेले आहे!"

झेंडे सरांच्या हातून सवयीने शिट्टी वाजली. मी थांबलो. बॉलवर पाय ठेवून, गोलकीपरसमोर! गोलकीपर खाली बसला. मांडवात शाली सुरू झाल्या. एक झाली, दुसरी झाली. मग मान्यवर बोलायला उभे राहिले. त्यांनी तरुणांनी क्रिकेट का खेळावं यावर छान भाषण केलं. मी ऐकत उभा. बॉल सोडून हलायची सोय नाही.

भाषण संपलं. टाळ्या वाजल्या. सर म्हणाले, "आहे तिथून सुरू!" मी मान वर करून बघतो, तर समोरची अख्खी टीम रमतगमत येऊन गोलपुढे भिंतीसारखी उभी!

"सर!" मी ओरडलो.

सर हताश होऊन माझ्याकडे आणि त्या भिंतीकडे बघत राहिले. "नियमात बसतं रे," म्हणाले. पण त्या दिवशी मॅच संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली. "यापुढे माझी मॅच सत्कारासाठी थांबणार नाही. प्रत्यक्ष देव आला तरी त्याने हाफटाईमला यायचं!"

वैशालीने ओढणी बाजूला करून विचारलं, "झाला?"

* * *

मागच्या वर्षी गुडघ्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आता बास. आमच्या पंचवटीतल्या मंडळाचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "पाहुण्याला असा नाही जाऊ देणार. निरोपाची मॅच ठेवू, आणि हाफटाईमला सत्कार. सपत्नीक!"

सपत्नीक म्हटल्यावर वैशालीने लग्नातली पैठणी काढली. मी रात्रभर एकच विचार करत होतो. हा शेवटचा चान्स. आज नाही पाहिला, तर माझा गोल ती कधीच पाहणार नाही.

पहिल्या हाफमध्ये मला दोनदा बॉल मिळाला. दोन्ही वेळा मांडवाकडे बघितलं, दोन्ही वेळा पदर तोंडावर. आणि माझं सगळं लक्ष तिकडेच, त्यामुळे दोन्ही चान्स गेले. अन्वर आमच्या गोलमधून ओरडला, "अरे, बॉलकडे बघ! बायको घरी बघ!"

हाफटाईम झाला. साहेब आलेच नाहीत. साहेब म्हणजे प्रमुख पाहुणे. झेंडे सर घड्याळ बघून शिट्टी तोंडात घालायला लागले. अण्णा हात जोडून आडवे आले. "सर, पाच मिनिटं! साहेब सिग्नलला अडकलेत."

"अण्णा, चांदवड विसरलात का?" सर म्हणाले, आणि शिट्टी मारली.

आणि त्याच क्षणी साहेबांची गाडी मैदानात शिरली! अण्णांनी मला दंडाला धरून मांडवात खेचलं. मांडव वडाच्या सावलीत होता, थेट समोरच्या टीमच्या गोलच्या बाजूला, लाइनपासून चार पावलांवर. तिकडे मॅच सुरू, आमची टीम दहा जणांत. इकडे माझा सत्कार सुरू!

मला खुर्चीत बसवून डोक्याला फेटा बांधला. असा आवळला की भुवया वर गेल्या. शाल पांघरली, हातात नारळ दिला. साहेब बोलायला उभे राहिले. "रवींद्रजींनी आपल्या कारकिर्दीत धावांचा डोंगर रचला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माइकवर सांगितलं, "आजपासून माझे बूट खुंटीला."

मग अण्णांच्या मिसेसनी वैशालीची ओटी भरली. तिने पदर पसरला, त्यात तांदूळ, खण, नारळ. पदराची दोन्ही टोकं तिने दोन्ही हातांत घट्ट धरली. भरलेली ओटी सांडायची नसते. फोटोसाठी आम्हाला दोघांना मांडवाच्या पुढे उभं केलं, अगदी लाइनजवळ.

आणि तेव्हा अन्वरने लांब किक मारली.

बॉल आमच्या विंगरला मिळाला. तो लाइनने धावत आला आणि त्याने क्रॉस टाकला. मी नुसतं बघत होतो. बॉल वर गेला, वळला आणि खाली यायला लागला. गोलच्या समोर आमचा एकही माणूस नव्हता. तिथे मी असायला पाहिजे होतं!

मी काय केलं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. हातातला नारळ मी वैशालीच्या पदरात टाकला, शाल साहेबांच्या अंगावर गेली, आणि मी आत धावलो. समोरच्या गोलकीपरने वळून पाहिलं तर फेटा बांधलेला एक गृहस्थ त्याच्या दिशेने येतोय. त्याला वाटलं, साहेब खेळाडूंची ओळख करून घ्यायला आले! तो चक्क बाजूला सरकला. मी उडी मारली. बॉल फेट्यावर बसला, धप्प! आणि आत गेला.

मी बॉलकडे पाहिलं नाही. मी मागे वळलो. वैशाली लाइनवर उभी होती. दोन नारळ आणि तांदळाने भरलेला पदर दोन्ही हातांनी धरून, वाकून, आणि डोळे टक्क उघडे!

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, हो, मी फॉरवर्ड आहे.

शिट्टी वाजली. झेंडे सर माझ्यासमोर आले आणि खिशातून पिवळं कार्ड काढलं.

"विचारल्याशिवाय मैदानात आलास. गोल नाही!"

मग काय विचारता! आमची टीम सरांभोवती, समोरची टीम आमच्याभोवती. अण्णा ओरडतायत, साहेब विचारतायत, "आऊट आहे का?" आणि या सगळ्यातून वाट काढत, अख्खं मैदान पार करून अन्वर पळत आला. धापा टाकत म्हणाला, "सर, ते नियम राहू द्या! वहिनींनी पाहिला! सर, वहिनींनी पाहिला!"

सगळ्यांनी वळून वैशालीकडे बघितलं. हा विषय सगळ्यांनाच माहीत होता. सरांनाही.

सरांनी कार्ड खिशात ठेवलं. ते सावकाश चालत लाइनपर्यंत गेले आणि वैशालीसमोर उभे राहिले.

"वहिनी, डोळे उघडे होते?"

"होते."

"खरं सांगा."

"हात कुठे मोकळे होते सर?"

सरांनी तिच्या पदराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मग झालं तर," ते म्हणाले. आणि वळून ओरडले, "गोल नाही! चला, फ्री किक घ्या!"

पुढे दोन्ही टीमनी एकेक गोल मारला आणि मॅच एक-एक सुटली. संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. मी पुढे, फेटा अजून डोक्यावर, ती मागे दोन्ही नारळ सांभाळत. रामकुंडाच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत मी नुसता हॉर्न वाजवत होतो. विचारायची भीती वाटत होती.

मग मागून आवाज आला.

"अहो."

"काय गं?"

"पाहिला हो मी. पण माझं अर्धं लक्ष तुमच्या फेट्याकडे होतं, सुटतोय की काय म्हणून. परत एकदा दाखवा ना." तिने मांडीवरचे नारळ सावरले. "या वेळी फेटा नको."